मोठा ठिपका

"लिम अंकल, प्लेट नेऊ नका! अजून युद्ध चाललंय!" ऋग्वेदा ओरडली.

टेबलं पुसणाऱ्या लिम अंकलनं पुढे केलेला हात मागे घेतला. शनिवारची सकाळ, खाण्याच्या स्टॉल्सनी भरलेलं सेरंगूनचं हॉकर सेंटर गजबजलेलं. रिकामी प्लेट दिसली की ती उचलायची हे त्याचं काम. पण ही प्लेट रिकामी नव्हती. नारळाच्या दुधातला भात संपवून नऊ वर्षांच्या ऋग्वेदानं त्यातले तळलेले शेंगदाणे तेवढे बाजूला ठेवले होते आणि हिरव्या प्लेटवर नीट मांडले होते.

समोर तिचे आजोबा, निशिकांत, कॉफीचा कप धरून कौतुकानं बघत बसले होते. सोमवारी तिच्या वर्गात त्यांचं भाषण होतं. नातीनं बजावलं होतं: इंग्रजीतून, पाचच मिनिटं आणि शेवट धमाल हवा. आज त्याची रंगीत तालीम होती, आणि गोष्ट तोंडपाठ असलेली ऋग्वेदाच ती करून दाखवत होती. ताटलीत दाणे मांडून लढाई दाखवायची युक्ती आजोबांचीच. मुलांना डोळ्यांनी दिसलं की डोक्यात बसतं, असं ते म्हणायचे. नौदलाचं पदक त्यांनी आजच खिशात घालून आणलं होतं.

"ही रडारची काच," ऋग्वेदानं प्लेटवर टिचकी मारली. "या दाण्याच्या पाकळ्या म्हणजे लहान जहाजं. हा अख्खा दाणा म्हणजे मोठ्ठं जहाज. आणि इकडच्या या तीन पाकळ्या म्हणजे आमच्या बोटी."

"आमच्या बोटी केवढ्या?" आजोबांनी परीक्षकाच्या सुरात विचारलं.

"एवढुशा! फार लांब जायचं इंधनच मावायचं नाही, म्हणून मोठ्या जहाजांनी दोर बांधून ओढत नेल्या. पण त्यांच्यावरची क्षेपणास्त्रं, वॉव, सुपर बिग!"

"आणि क्षेपणास्त्राला शत्रू कसा ओळखता येतो?"

"त्याला ओळखता येतच नाही, आजोबा. त्याच्या नाकात एक छोटं रडार असतं. समोरचा सगळ्यात मोठा ठिपका दिसला की सरळ त्याच्यावर जातं. म्हणजे मोठा ठिपका तोच मोठा शत्रू. सिंपल, लाह!" ती इथल्या मुलांच्या सुरात म्हणाली.

"शाब्बास. मग?"

"मग रडारवर बसलेले माझे आजोबा म्हणाले, 'मोठा ठिपका, समोर!' कॅप्टननं बटण दाबलं. सगळे श्वास रोखून बसले. आणि..." तिनं तो अख्खा दाणा उचलून तोंडात टाकला आणि कडकन चावला. "ठिपका गायब!"

आजोबांनी टाळी वाजवली. या ठिकाणी नेहमीच टाळी पडायची. सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये पडली होती, लेकीच्या लग्नातसुद्धा पडली होती.

लिम अंकल अजून तिथेच उभा होता.

"कुठलं युद्ध, ब्रदर?" त्यानं विचारलं.

"एकाहत्तरचं. डिसेंबर," आजोबा ताठ बसत म्हणाले. "कराचीच्या बाहेर."

अंकल प्लेटकडे बघत राहिला. मग हातातलं फडकं त्यानं टेबलाच्या कडेला ठेवलं.

"मोठा ठिपका म्हणजे आम्ही," तो म्हणाला.

आजोबांना वाटलं, गंमत करतोय. ते हसलेसुद्धा.

"मालाचं जहाज," अंकल म्हणाला. "कराचीबाहेर नांगर टाकून उभं. मी त्याच्यावर कुक. पलीकडे लढाऊ जहाज होतं. पण ते आमच्यापेक्षा लहान."

त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. नातीकडे राहायला आल्यापासून दोन महिने आजोबा त्याला रोज बघत होते, पण ती बाही कधी वर गेलेली नव्हती. आतली कातडी वितळलेल्या मेणासारखी एकात एक गुंतलेली होती.

"लढाऊ जहाज होतं ते," आजोबा म्हणाले. तेहतीस वर्षं ते हेच सांगत आले होते. "आम्हाला सांगितलं होतं की..."

रात्र कुठली, तारीख काय, हे त्यांना विचारायचं होतं, पण त्यांची नजर त्या भाजलेल्या हातावर होती.

लिम अंकलच्या आवाजात भांडण नव्हतं. तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून थोडा वाकला आणि प्लेटवरच्या तीन पाकळ्या निरखून बघू लागला.

"बोट आम्हाला दिसलीच नाही. कशी असेल, असा मी खूप विचार करायचो. इतकी छोटी?"

आजोबांनी मान हलवली.

"माणसं किती, एका बोटीवर?"

"तीस."

"सगळे परत गेले घरी?"

"सगळे."

"गुड, गुड," लिम अंकल म्हणाला, आणि ते त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "आम्ही सव्वीस. परत आलो अकरा."

बाजूच्या स्टॉलवर कढईत काहीतरी चर्र झालं. आजोबांचा हात पदकाच्या खिशावर गेला होता. तो त्यांनी काढून मांडीखाली दाबून धरला.

ऋग्वेदाचं चावणं कधीच थांबलं होतं. तिनं घास कसाबसा गिळला आणि तोंडावर हात ठेवला.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "मी तर तो खाल्ला."

"अगं, शेंगदाणा आहे तो, गर्ल," लिम अंकल म्हणाला. "खायचाच असतो."

त्यानं बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि फडकं उचललं.

"पण सोमवारी शेवट काय करायचा, आजोबा?"

लिम अंकलनं प्लेट उचलायला हात घातला, तर ती हलेना. आजोबांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. अंकलनं क्षणभर वाट पाहिली, मग तिच्याभोवतीचं टेबल पुसलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

प्लेटवर, दाणा होता त्या जागी, तेलाचा एक बारीक गोल डाग तसाच होता.