हातातला क्लच

"गाडी इकून टाका, दादा," धाकटा भाऊ बाळासो म्हणाला. "दार लागंना, धूर सोडती, चढाला दम टाकती. एक अँबॅसिडर घिऊ, ड्रायव्हर ठिवू. तुमी मागं निवांत बसा."

"मागं आरोपी बसत्यात," सयाजीराव म्हणाले. "वकील न्हाई."

सयाजीराव घराच्या पुढच्या सोप्यातल्या आरामखुर्चीत होते आणि त्यांचा डावा पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. शुक्रवारी तो कापून काढायचा होता. साखरेच्या आजाराने दिलेला हा निकाल डॉक्टरांनी खाली बघत वाचून दाखवला होता आणि सयाजीरावांनी तो कोर्टात ऐकावा तसा, चेहरा न हलवता ऐकला होता. त्यावर त्यांनी एकच अपील केले होते, आणि ते अंगणात उभे होते. लांब नाकाची, जमिनीला धरून पळणारी विलायती एम.जी. मोटार. गगनबावड्याच्या घाटात तिला मागे टाकणारा अजून जन्माला यायचा आहे, असे ते बाररूममध्ये सांगत, आणि ज्यांनी घाट पाहिला नव्हता तेही माना डोलावत.

"डावा पाय लागतो क्लचला," सयाजीराव म्हणाले. "बास. ब्रेक नि ॲक्सिलेटर उजव्याचं काम. आन् उजवा हाय की धडधाकट."

"दुखत न्हाई न्हवं त्यो?" त्यांच्या पत्नी बनाबाईंनी दारातून विचारले.

"अजिबात न्हाई. टाचणी टोचली तर कळायचं न्हाई," सयाजीराव म्हणाले. एखादे प्रशस्तिपत्र वाचावे तसे म्हणाले. उजव्या पायाच्या अंगठ्यालाही एक पट्टी होती, पण ती किरकोळ. पायताण चावले आहे, असे डॉक्टर म्हणाले होते.

बनाबाईंना एकाएकी चुलीवरच्या दुधाची आठवण झाली.

मीरासाब मिस्त्री उद्यमनगरातून सायकलवर आला. गाडी नवी होती तेव्हापासून तिच्या बॉनेटखाली दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. त्याने सोप्याच्या पायरीवर बसून सारे ऐकून घेतले.

"हुतंय की, वकीलसाब. क्लचच्या पेडलाला तार बांधतो, वर आणतो, गिअरच्या दांड्याला मूठ बसवतो. सायकलच्या ब्रेकागत. आवळायचं, त्याच हातानं गिअर टाकायचा."

"मिस्त्री, तू त्यांस्नी झाडावर चढवू नगंस," बाळासो म्हणाला.

"मी कशाला चढवू? ते चढूनच बसल्यात."

सयाजीराव मोठ्याने हसले. पुष्कळ दिवसांनी त्या घरात कुणी हसले.

"बसून बघतो," मीरासाब म्हणाला. गाडीचे दार उघडून त्याने डाव्या पायातली चप्पल खाली मातीत काढली, स्टिअरिंगमागे बसला, डावा पाय दुमडून सीटवर घेतला आणि चुकून खाली जाऊ नये म्हणून खांद्यावरच्या पंच्याने बांधून टाकला. उजव्या पायाने ब्रेक दाबला. डाव्या हाताने नसलेली मूठ आवळून गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. "झकास!" तो ओरडला. सयाजीरावांचा डावा हातही खुर्चीच्या दांडीवर त्याच्याबरोबर हलत होता.

बाळासो अंगणात उतरला. गाडीशी वाकला, मीरासाबच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ हळू बोलत राहिला. बोलणारा जमिनीकडे बघत होता. ऐकणाऱ्याने एकदाच मान वळवून सोप्याकडे पाहिले. नंतर पाहिले नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदाराला पढवताना सयाजीरावांनी हे दृश्य सबंध वकिलीभर पाहिले होते आणि दर वेळी ओळखले होते. आज त्यांना वाटले, अँबॅसिडरचा भाव चालला असावा.

बाळासो पेरूच्या झाडामागे जाऊन उभा राहिला. गाडीतून एक हात बाहेर आला, त्याने दुसरी चप्पल पहिलीशेजारी ठेवली आणि दार ओढून घेतले.

दार वर्षभर लागत नव्हते. आजही लागले नाही. सवयीप्रमाणे ते सावकाश, आपले आपण उघडले.

मीरासाब ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसला होता. जेवायला बसावे तसा. दोन्ही पाय अंगाखाली घेऊन, वाकून, तो एका हाताने खालचा ब्रेक चाचपत होता.

सयाजीरावांनी ते पाहिले. मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिले. पायताण चावले म्हणे. दोन महिन्यांत त्यांनी पायताण घातलेच नव्हते. कोणत्याही साक्षीदाराला त्यांनी हाच प्रश्न पहिला विचारला असता.

दोन्ही पायांचा विचार सर्वांशी सविस्तर झाला होता. भावाशी झाला होता, बायकोशी झाला होता, आता मिस्त्रीशीही झाला. ज्याचे पाय होते त्याला गाडीबद्दल तेवढे मत विचारण्यात येत होते, आणि तेही किती अदबीने.

बनाबाई चहा घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. पेरूच्या झाडामागून बाळासो बाहेर येईना.

"मीरासाब," सयाजीरावांनी हाक मारली. आवाज कोर्टातला होता. "हॉर्न तेवढा पहिल्यापासनं हातातच हाय न्हवं?"

मीरासाबने मान वर केली नाही. स्टिअरिंगच्या मधोमध तळवा ठेवून त्याने जोर दिला.

हॉर्न वाजला. त्याचा आवाज अजून नव्या गाडीचा होता.