नळीतलं पाणी

"डोकं अजून दुखतंय," फेस्टस फोनवर म्हणाला. "तुमचं नवं मशीन त्या जुन्याचंच भावंड निघालं."

पलीकडे नर्स ग्रॉन्या होती. आयर्लंडच्या अर्ध्या मेयो परगण्यात झोपेत श्वास अडकणाऱ्यांची मशीनं तीच सांभाळायची. फेस्टसच्या कुरकुरीची तिला नऊ वर्षांची सवय होती.

"मशीनमध्ये काही खोट नाही," ती म्हणाली. "आकडे माझ्यासमोर आहेत. रात्रभरात तुमचा श्वास जेमतेम एखाद्या वेळी अडकतो. तरण्या गड्यासारखे झोपताय तुम्ही."

"मग सकाळी झिंगल्यासारखं का होतं? तेही एक थेंब न पिता. हा तर अन्याय झाला, पोरी."

ती हसली. तोही हसला, पण कपाळात कळ आली तसा गप्प झाला.

हे दुखणं हिवाळ्याच्या तोंडावर मागे लागलं होतं. गुडघ्यांनी जिना चढायचं नाकारलं, तेव्हा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आला. तिथे लोखंडी शेगडी होती आणि तिच्यात दिवसरात्र टर्फची, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या मातीची, काळी ढेकळं धुमसत असायची. तरी समुद्रावरचा वारा कुठून तरी आत शिरायचाच. मशीनपासून नाकावरच्या मुखवट्यापर्यंत येणारी नळी गार पडायची, आतल्या वाफेचं पाणी व्हायचं आणि ऐन झोपेत ते फेस्टसच्या नाकावर ठिबकायचं.

"झाला का पुन्हा बाप्तिस्मा?" त्याची बायको डिंफना अंधारात विचारायची.

मग एका रात्री पाणी आलंच नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. "काय केलंस गं?" त्याने विचारलं. "तुला कशाला नसत्या चौकशा?" ती म्हणाली. "झोप आता."

पण झोपेत काही राम राहिला नव्हता. सकाळी डोकं जड, तोंड कडू, पाय लटपटणारे. फेस्टसने सगळं खापर जुन्या मशीनवर फोडलं. बिचारं म्हातारं झालं होतं आणि ट्रॅक्टरसारखं गुरगुरायचं, एवढा पुरावा त्याला पुरला. नवं मिळेपर्यंत त्याने दवाखान्याला सळो की पळो करून सोडलं. जुनं खोक्यात घालून परत पाठवताना डिंफना म्हणाली, "म्हातारं झालं की असं घराबाहेर काढतात होय? मग तूही जरा जपून राहा."

नवं मशीन मांजराच्या पावलांनी चालायचं. डोकं मात्र तसंच राहिलं.

डिंफना या दिवसांत सारखी कुडकुडत असायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, चर्चमधून येताना. "तुझा तो निळा स्वेटर घाल की," फेस्टस म्हणायचा. बहिणीने विणलेला तो स्वेटर एरवी तिच्या अंगावरून उतरायचा नाही. "असेल कुठेतरी," ती म्हणायची आणि कामाला लागायची.

"मशीन जवळ आहे का?" ग्रॉन्याने विचारलं. "मागची फिल्टरची पट्टी काढून बघा. पांढरी आहे ना?"

मशीन त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आणून ठेवलं होतं. त्याने चष्मा लावला आणि पट्टी नखाने ओढून काढली.

"पांढरी कुठली? काळीकुट्ट आहे. धुराड्यातून काढल्यासारखी."



"फेस्टस, घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का?"

"बायकोचं. माझ्याहून जास्त. पण ती कुठे मुखवटा लावते? ती म्हणते, तुझी रडगाणी ऐकून दुखतं."

यावर तो एकटाच हसला.

"ती कुठे आहे आत्ता?"

"आत पडलीय, जेवल्यापासून. का गं?"

"नीट ऐका. मशीन फक्त हवा पुढे ढकलतं. शेगडीच्या धुराने खोलीतलीच हवा विषारी झाली असेल, तर ते तीच देणार. आत जा. खिडकी उघडा आणि तिला त्या खोलीतून बाहेर काढा. मी ॲम्ब्युलन्स पाठवते. जा, फेस्टस."

शेजारी किटली कधीची शिट्टी वाजवत होती. एरवी डिंफनाने आतून आवाज दिला असता, 'बहिरा झालास का?' आज आतून काहीच आलं नाही. फेस्टस घाबरला. एवढा तो उभ्या जन्मात घाबरला नव्हता.

बैठकीची खोली छान ऊबदार होती. टर्फचा रोजचाच वास होता. डिंफना कुशीवर झोपली होती आणि तिचे गाल लग्नातल्यासारखे गुलाबी दिसत होते. त्याने हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत.

खिडकी जुन्या रंगाने चिकटून बसली होती. त्याने खांदा लावला, तरी ती हलली नाही. मग त्याला आठवलं, शेगडी बसवणाऱ्याने हवेसाठी भिंतीत एक गोल भोक ठेवलं होतं, पलंगाच्या उशाशी. तो दुखऱ्या गुडघ्यांवर बसला आणि पलंगामागे हात घातला. हाताला लोकर लागली. भोकात ती गच्च कोंबली होती, दोरीने गुंडाळी बांधून. त्याने सगळा जोर लावून ओढली.

निळा स्वेटर बाहेर आला आणि त्यामागोमाग समुद्राचा गार वारा.

त्याने तो खांद्यावर टाकला, डिंफनाला काखांत हात घालून धरलं आणि दाराकडे ओढत नेलं. उंबऱ्यावर तिच्या पापण्या हलल्या. तिने त्याच्या खांद्यावरचा स्वेटर पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"तो परत घाल तिथे," ती पुटपुटली. "तुझ्या नळीत पाणी येईल."