हातचा

"सातवा धडा उघडला. सकाळी पावणेसात. 'अडलं' ही घटना पुन्हा नोंदवली गेली," मोबाइलमधल्या मदतनिसानं वाचून दाखवलं.

कडुबा गुरुजींनी वहीत तारीख घातली आणि पुढं लिहिलं, 'अडलं.'

प्रेरणा समोर बसून चहा पीत होती. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता संगणकाच्या कंपनीत नोकरीला. गुरुजींच्या गणिताच्या वेबसाइटला हा मदतनीस तिनंच जोडून दिला होता. किती जण आले एवढं नुसतं मोजायचं नव्हतं. आपल्याला हव्या त्या घटनांना नावं द्यायची, मग मदतनीस त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. 'धडा उघडला'. 'गणित सोडवलं'. 'अडलं' हे नाव गुरुजींचं. पोरानं एकच जागा तीनदा मागं घेऊन ऐकली, की ते अडलं.

"गुरुजी, महिनाभरात एकच पोरगं येतंय तुमच्याकडं. बंद करा ना आता ही साइट."

"एक तर एक. वर्गात एक पोरगं असलं तर मास्तर घरी जातो का?"

"तुम्ही नाय जायचे. आम्हालाच घरी सोडायचे नाय."

गुरुजी हसले नाहीत. गेल्या वर्षी पत्नी गीताबाई गेल्यापासून सगळं लांबून ऐकू आल्यासारखं वाटायचं. सकाळी उठायचं ते या एका पोरासाठी.

धडे गीताबाईंच्या आवाजात होते. शाळा बंद होत्या त्या वर्षी छावणी भागातल्या याच घरात, स्वयंपाकघरात बसून त्यांनी ते मोबाइलवर बोलून ठेवले होते. तो मोबाइल पुढं बिघडला आणि भंगारात गेला. धडे तेवढे साइटवर राहिले.

सातवा धडा हातच्याच्या बेरजेचा. मध्येच कडी वाजते, गीताबाई थांबतात, दारात आलेल्याशी दोन शब्द बोलतात, आणि लगेच पुढं हातचा येतो. पोरगं नेमकं तिथंच अडायचं. रोज. गणित मात्र एकदाही सोडवायचं नाही.

"वेळ बघ," गुरुजींनी वही पुढं केली. "एक आठवडा सकाळी पावणेसात, एक आठवडा दुपारी पावणेतीन. सकाळची शाळा, मग दुपारची. खोल्या कमी पडल्या की असं करावं लागतं. सिल्लोडला असताना आम्ही केलंय."

"पावणेतीनला शाळेत मोबाइल कोण देतं हो?"

"मधल्या सुट्टीत देत असेल एखादी बाई. सगळेच काय माझ्यासारखे कडक असतात?"

रविवारी आकाशचा फोन आला. गुरुजींचा मुलगा, वाळूजच्या कारखान्यात कामाला. आई गेल्यावर महिन्याभरात त्यानं बजाजनगरला खोली केली. आई गेली त्या दिवशी त्यानं आल्या-गेल्याला पाणी दिलं, मांडववाल्याच्या खुर्च्या टेम्पोत चढवल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं. गुरुजी ते विसरले नव्हते.

"जेवलात का, अण्णा?"

"जेवलो. तू?"

"व्हय."

"पाळी कोणती?"

"उद्यापासून दुसरी."

"बरं."

"बरं, ठेवतो."

फोन ठेवून गुरुजींनी वही उघडली. पोराची चूक नव्हती. शिकवताना मध्ये दार वाजलं की वर्ग दाराकडं बघतो. चाळीस वर्षांत त्यांनी हेच पाहिलं होतं. त्यांनी मदतनिसाला सांगितलं, "सातव्या धड्यात कडी वाजते तिथून हातच्यापर्यंतचं काढून टाक."

"नऊ सेकंदांचा भाग काढला. मूळ धडा जपून ठेवायचा का?"

नवं गणित घालायचं तर आधी फळा स्वच्छ पुसायचा, हा त्यांचा नेम होता.

"नको. पुसून टाक. दोन-दोन धडे दिसले की पोरगं गोंधळतं."

"पुसला."

त्यांनी नवा धडा ऐकून पाहिला. सरळ, स्वच्छ. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

सोमवारी दुपारी ते मोबाइल समोर घेऊन बसले. तीन वाजायला पाच मिनिटं असताना मदतनिसानं सांगितलं, "सातवा धडा उघडला. 'अडलं' पाच वेळा. धडा बंद केला."

पाच वेळा. एवढं कधीच नव्हतं. गुरुजी वहीत लिहायला लागले तोच फोन वाजला. आकाश. सोमवारी त्याचा फोन कधी यायचा नाही. मागं भोंगा वाजत होता, माणसं गेटातून आत जात असावीत.

"बोल."



"अण्णा, सातव्या धड्यात आई मध्येच म्हणायची ना, 'आलास का रे आकाश, हात धू, ताट झाकून ठेवलंय'... ते कुठं गेलं?"