शेवंताचा हात

यंत्राने परातीत पिठाचा गोळा ठेवला आणि थापायला सुरुवात केली. बोटं रबरी होती, पण थाप शेवंताची होती. परळच्या याच काचेच्या इमारतीत महिनाभर हालचाल टिपणारे तारांचे हातमोजे घालून तिने त्याला भाकरी शिकवली होती.

"बघ गो काशीताय, हुबेहूब माझा हात," शेवंता म्हणाली. "उद्या घराघरात जाणार हा."

काशीबाईंनी परातीतलं पीठ निरखून पाहिलं. पन्नास गिरणी कामगारांची खाणावळ चालवली होती त्यांनी. सतराव्या वर्षी शेवंता तिथे कामाला आली, तेव्हा तिला पीठसुद्धा मळता येत नव्हतं.

"पाणी जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"कसं होईल? मोजून घेतो तो."

"तेच ना. हात मोजायला लागला की भाकरी गेली."

"जळतेस," शेवंता हसली.

"शेगडीपुढे जन्म गेला. आता जळायचं काय राहिलंय?"

इतक्यात यंत्र जरा थबकलं. अंगठा वर उचलून त्याने तळहाताच्या कडेने भाकरीचा काठ दाबला आणि पुन्हा थापायला लागलं. पाच-सहा थापांनी पुन्हा तेच.

"एवढं काढायचं राहिलंय," संगणकापाशी बसलेली उर्मिला म्हणाली. यंत्र तिनेच घडवलं होतं. "अंगठा उगाच वर जातो. शेवंताबाईंची सवय आहे, उपयोग काही नाही. नुसता वेळ जातो. आज पुसून टाकते."

काशीबाई पुढे झाल्या. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी स्टोचा भडका उडाला, तेव्हापासून त्यांचा उजवा अंगठा वाकत नव्हता. थापताना तो वर धरावा लागे, काठ तळहाताच्या कडेने दाबावा लागे. त्या अंगठ्यापायीच हातमोजा बसला नाही आणि हे काम शेवंताला मिळालं. शेवंताचे दोन्ही अंगठे धडधाकट. पण खाणावळीत काशीबाईंसमोर बसून जसं पाहिलं, तशीच ती शिकली होती.

त्यांनी शेवंताकडे पाहिलं. एसीने गारठलेल्या त्या खोलीत शेवंता पदराने कपाळ पुसत होती.

"आजी, पुसू ना?" उर्मिलाने विचारलं.

यंत्राचा अंगठा पुन्हा वर गेला.

"नको, राहू दे," काशीबाई म्हणाल्या. "तेवढं एकच ती नीट शिकलीय."