कुशीवर झोपणारा मासा

पलंगाला खेटून ठेवलेल्या टाकीच्या तळाशी पट्टेरी बोटिया मासा कुशीवर पडला होता. मेला समजून शरयू जाळी घेऊन आली, तेव्हा नवरा हसला होता.

"अगं, झोपलाय तो. ही जातच अशी झोपते. टिचकी मार."

तिनं काचेवर टिचकी मारली. मासा दचकून उठला आणि पोहायला लागला. तेव्हापासून रोज सकाळी आधी माशाला उठवायचं, मग चहा करून नवऱ्याला, हा तिचा नेमच झाला.

आज चहा निवून गेला. शेजारचे डॉक्टर नाडी बघून चादर वर ओढू लागले. नवरा भिंतीकडे तोंड करून कुशीवर होता.

"थांबा, झोपलेत ते," शरयू म्हणाली आणि तिनं पलंगाच्या दांडीवर हळूच टिचकी मारली.

टाकीतला मासा तेवढा उठला.