पक्की खोली

ऊसतोड संपली. पक्क्या खोल्या देतो म्हणून नेलेल्या टोळीला बजरंग मुकादमाने यंदाही पाचटाच्या कोप्यांतच ठेवलं होतं. मनाला ती बोचणी होतीच. म्हणून वालूरला परतताना त्याने निजामाच्या काळातल्या एका जुन्या तुरुंगापाशी ट्रॅक्टर थांबवला आणि सगळ्यांची तिकिटं स्वतः काढली.

आतली कोठडी बघून तो हळहळला, "एवढ्याशा जागेत जित्ती माणसं कोंडायचे. लय हाल केले बघा!"

टोळीतली पारूबाई लेकराला कडेवर घेऊन त्या कोठडीत शिरली. तिने दगडी भिंतीवरून हात फिरवला, मान वर करून छत न्याहाळलं आणि आतूनच मोठ्या आशेनं विचारलं,



"मुकादम, तुमी दरसाल म्हणता ती पक्की खोली अशीच राहती का हो?"