भोंग्याची कुजबुज

“ये राजा, ये,” भोंगा आरशात बघून अगदी हळू म्हणाला, आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी ओ दिली.

“जमत नाहीये,” बायको म्हणाली. ती जमिनीवर बसून टेबलामागच्या वायरी चिकटपट्टीनं भिंतीला लावत होती. “पुन्हा म्हणा. नुसते ओठ हलवून बघा.”

भोंगा हे त्याचं बाजारातलं नाव. फळांच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा. मागे ट्रक घरघरत असो की पुढे दोन व्यापाऱ्यांची जुंपलेली असो, त्याची बोली शेवटच्या गाळ्यापर्यंत खणखणीत पोचायची. त्या आवाजावरच घर चाललं होतं. पण आवाज काही तराजूसारखा गाळ्यात ठेवून येता येत नाही. घरी जेवताना तो मीठ मागायचा, तेव्हाही मिठाचा लिलाव निघालाय असं वाटायचं.

आता घरात कुत्र्याचं पिल्लू येणार होतं. छोट्या जातीचं, पांढरंशुभ्र, पूर्ण वाढलं तरी मांडीत मावेल असं. मुलीनं वर्षभर हट्ट करून बापाला राजी केलं होतं, आणि राजी झाल्यावर बापच जास्त उतावळा झाला होता. ज्या बाईंकडे ते जन्मलं त्यांनी मात्र बजावलं होतं, “जीव एवढासा आहे हं. आरडाओरडा चालायचा नाही. एकदा का एखाद्या माणसाची धास्ती घेतली, की त्याच्या जवळ फिरकणार नाही.” त्यांचं वाक्य संपायच्या आत मायलेकींनी भोंग्याकडे पाहिलं होतं.

तेव्हापासून घराची उलथापालथ चालली होती. चपला कपाटावर गेल्या, कचऱ्याचा डबा स्टुलावर चढला, कुंडीतलं विषारी झाड शेजाऱ्यांच्या गळ्यात मारलं गेलं. मुलगी पोटावर सरपटत पलंगाखालच्या पिना, बटणं वेचत होती. सगळं जागच्या जागी लागलं, फक्त भोंग्याचा आवाज कुठे ठेवायचा ते कुणाला सुचेना.

वरवर तो हे हसण्यावारी नेत होता, पण त्याच्या मनात खरोखरची भीती होती. मुलगी तान्ही असताना तो घ्यायला गेला की ती भोकाड पसरायची. त्याचे लाडाचे बोलही तिला गडगडाटासारखे वाटायचे. पुढे ती सरावली, आता तर बापाच्या डोक्यावर मिरे वाटत होती. तरी ते दिवस त्याला अजून सलत. एवढासा जीव आपल्याला बघून तोंड फिरवतो, याइतकं वाईट काही नसतं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. शेवटी त्यानंच तोडगा काढला. पिल्लू रुळेपर्यंत घरात तोंड म्हणून उघडायचं नाही.

एका सकाळी पिल्लू आलं. मुलीनं ते अलगद जमिनीवर ठेवलं. त्यानं गादी हुंगली, पाण्याच्या भांड्यात पाय घातला आणि सोफ्याच्या कोपऱ्याशी जाऊन पाठ करून बसलं. मुलीनं मऊ आवाजात हाक मारली. बायकोनं चुचकारलं. पिल्लानं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

“रुसलंय,” मुलगी हिरमुसून म्हणाली.

“आईची आठवण येत असेल गं,” बायको म्हणाली.

भोंगा मूग गिळून खुर्चीत बसला होता. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा, हात मांडीवर ठेवून.

पिल्लाच्या खाण्याची पिशवी बाहेरच राहिली होती. ती घ्यायला मुलीनं दार उघडलं, आणि पिल्लू तिच्या पायांमधून सटकलं. थेट जिन्याच्या तोंडाशी. मुलगी हाका मारत सुटली, बायकोनं टाळ्या वाजवल्या. पिल्लाचा कानही हलला नाही. त्याचा पुढचा पाय वरच्या पायरीच्या काठावरून घसरला.

“थांब रे!”

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. भोंग्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण बाण सुटला होता. झालं, आता हे आपल्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पिल्लू थांबलं होतं. त्यानं मान वळवली. मग शेपूट हलवत, मुलीच्या पायावरून, बायकोनं पसरलेल्या हाताखालून ते दुडुदुडु धावत आलं आणि भोंग्याच्या पावलावर चढून बसलं.

हाकांना दाद देत नाही म्हणून दुपारी त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर घेतलं. पाठीमागून चुटकी वाजवली, घंटी वाजवली, किल्ल्या खुळखुळवल्या. पिल्लू शांतपणे टेबल चाटत राहिलं.

“अशा पांढऱ्या पिल्लांत कधी कधी असतं हे,” त्या म्हणाल्या. “अगदी बहिरं नाहीये, पण फारच कमी ऐकू येतं. तुमची-आमची हाक याच्यापर्यंत पोचतच नाही. बाकी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी कुणाच्या आवाजानं वळलं म्हणालात?”

मायलेकींनी भोंग्याकडे पाहिलं. तो पार भांबावला होता. बायकोकडे वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं श्वासाइतक्या हलक्या आवाजात विचारलं, “मग मी... मी बोललो तर चालेल?”

“माझ्या कानात काय कुजबुजताय?” बायको म्हणाली. “चांगलं मोठ्यानं बोला की, त्याला ऐकू जायला नको?”